मुखपट्टीचा पुनर्वापर

मार्च २०२० मध्ये अमेरिकेतील रुग्णालयांत एन-९५ मुखपट्ट्यांचा इतका तुटवडा पडला की, एकदा वापरून टाकून द्यायची वस्तू डॉक्टर-परिचारिकांना पुन्हा पुन्हा वापरावी लागली. ही मुखपट्टी धुऊन भागत नाही. तिच्यातील पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकच्या अतिसूक्ष्म तंतूंवर स्थिर विद्युतभार असतो, त्यामुळे हवेतील बारीक कण त्यांकडे ओढले जातात, आणि साबणाने किंवा अल्कोहोलने तो भार गेला की मुखपट्टी दिसायला धड, पण कामाला निकामी ठरते. यावर ओहायोतील बॅटेल या संशोधनसंस्थेने हायड्रोजन पेरॉक्साइडच्या वाफेचा उपाय योजला. बंद कक्षात सोडलेली ही वाफ विषाणू निष्क्रिय करते, पुढे पाणी व ऑक्सिजन यांत विघटित होते, आणि तंतूंवरील भार बऱ्याच अंशी शाबूत राहतो. रुग्णालये मुखपट्ट्यांवर आपली खूण घालून त्या पाठवत, मात्र रक्ताचा किंवा प्रसाधनाचा डाग पडलेली मुखपट्टी बाद होई. मार्चअखेरीस अन्न व औषध प्रशासनाने आणीबाणीची परवानगी दिली. तथापि, वारंवार वापराने पट्ट्या सैलावतात आणि चेहऱ्याशी फट राहते, ही उणीव वाफेने भरून निघणारी नव्हती, त्यामुळे हा उपाय तुटवड्यापुरताच योग्य होता. पुरवठा सावरल्यावर २०२१ मध्ये ती परवानगी मागे घेण्यात आली.