शालेय गणित आणि गणकयंत्र

महाराष्ट्रातील बारावीच्या परीक्षेची पदार्थविज्ञानाची प्रश्नपत्रिका ज्यांनी पाहिली असेल, त्यांना तिच्या आरंभीच्या सूचना आठवतील. लॉगॅरिथमची कोष्टके वापरण्यास परवानगी आहे. कॅल्क्युलेटर वापरण्यास नाही. या दोन सूचना शेजारी शेजारी वाचल्या म्हणजे कोणासही प्रश्न पडावा. कोष्टक हेही श्रम वाचविणारे साधनच आहे. स्कॉटलंडच्या नेपियरने १६१४ साली ते प्रसिद्ध केले, तेच मुळी खगोलवेत्त्यांचे लांबलचक गुणाकार वाचावेत म्हणून. मग एक साधन सोवळ्यातले आणि दुसरे ओवळ्यातले, हे कसे?

या प्रश्नाचे उत्तर केवळ परीक्षामंडळाच्या सनातनीपणात शोधणे आम्हांला पटत नाही. आपल्या भाताच्या मुलखातलेच उदाहरण घेऊ. तांदूळ ४२ रुपये किलो, आणि घ्यावयाचा आहे साडेअठरा किलो. लॉगच्या कोष्टकाने हा गुणाकार करावयाचा तर विद्यार्थी दोन्ही संख्यांचे लॉग पाहतो, १.६२३२ आणि १.२६७२, त्यांची बेरीज २.८९०४. यातला अपूर्णांश कोष्टकातून मिळतो, परंतु पूर्णांश मात्र कोष्टकात छापलेला नसतो. तो विद्यार्थ्याने स्वतः ठरवावयाचा असतो. संख्या दहा आणि शंभर यांच्यामध्ये आहे म्हणून पूर्णांश १. बेरजेत २ आला म्हणून उत्तर तीन अंकी. म्हणजे संख्या केवढी आहे, हे जाणल्यावाचून कोष्टक एक पाऊलही पुढे जाऊ देत नाही. उत्तर येते सुमारे ७७६.९. कॅल्क्युलेटर नेमके ७७७ देतो, आणि तेही क्षणात. पण दशांशचिन्हाची कळ दाबावयाची राहिली, तर तोच कॅल्क्युलेटर तितक्याच क्षणात ७७७० देतो, आणि मुलगा ते निमूटपणे उतरवून घेतो. ‘चाळीस गुणिले वीस म्हणजे आठशेच्या आसपास’ असा अदमास ज्याने आधी बांधला, त्यालाच ती चूक दिसते. कोष्टकात तो अदमास सक्तीचा होता. यंत्रात तो ऐच्छिक झाला आहे. आमच्या मते सारा वाद येथे आहे.

यंत्राने पाठांतर बुडविले, अशी तक्रार सभेत हमखास निघते. ती अर्धीच खरी आहे. श्रोत्यांपैकी जे वयोवृद्ध आहेत त्यांच्या वडीलधाऱ्यांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी तोंडपाठ असे. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, हे आजच्या मुलांना सांगावे लागते. परंतु हे पाढे काही यंत्राने घालविले नाहीत. रुपयाचे सोळा आणे आणि मणाचे चाळीस शेर होते तोवर त्यांच्यावाचून बाजार चालत नव्हता. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, पाठोपाठ किलो आणि मीटर आले, आणि त्या पाढ्यांची बाजारातली गरज ओसरत गेली. खिशात मावणारी गणकयंत्रे त्यानंतर आली. साधन बदलले की पाठांतर बदलते, हा जगाचा रिवाजच आहे. कोणते पाठांतर सोडावयाचे आणि कोणते धरून ठेवावयाचे, एवढाच विवेक उरतो. वीसपर्यंतचे पाढे सोडावेत असे आम्हांला मुळीच वाटत नाही. कारण त्यांच्यावाचून अदमास बांधता येत नाही. ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी भागाकार करता येणारी मुले जेमतेम चौथा हिस्सा, असे ‘असर’च्या २०२२ सालच्या पाहणीत दिसले. या मुलांच्या हाती आधी यंत्र देणे म्हणजे पाय न फुटलेल्यास सायकल देणे होय.

परदेशांतही याबाबत एकमत नाही. इंग्लंडमध्ये कॉकक्रॉफ्ट समितीने १९८२ साली यंत्राचे स्वागत केले, आणि यंत्रामुळे समजुतीची गरज कमी होत नाही असेही बजावले. पुढे २०१४ साली त्याच देशाने प्राथमिक शाळेच्या अखेरच्या परीक्षेतून यंत्र काढून टाकले. सिंगापूरने २००९ पासून त्याच पायरीवर एक प्रश्नपत्रिका यंत्राविना आणि दुसरी यंत्रासह ठेवली. ही वाटणी आम्हांला शहाणपणाची वाटते.

आपल्याकडे मात्र बंदीने एक चमत्कारिक स्थिती निर्माण केली आहे. परीक्षेत यंत्र नाही, म्हणून वर्गात ते शिकविले जात नाही. घरी तर प्रत्येक मोबाइलमध्ये ते आहेच. मुले ते वापरतात, पण चोरून, आणि कोणी न शिकविता. पुढे अभियांत्रिकीला गेल्यावर तेच यंत्र दप्तरात लागते. दोन अधिक तीन गुणिले चार, एवढ्याच कळा दाबून पाहा. दुकानातील साधे यंत्र २० म्हणते, शास्त्रीय यंत्र १४ म्हणते. पहिले आलेल्या क्रमाने हिशेब उरकते, दुसरे गुणाकाराला आधीचा मान देते. एकास तीनांनी भागून पुन्हा तीनांनी गुणले, तर पुष्कळशी साधी यंत्रे एकाऐवजी ०.९९९९९९९ दाखवितात, कारण मधला अपूर्णांक त्यांनी शेवटी तोडलेला असतो. यांतून क्रियांचा क्रम आणि आवर्ती दशांश हे दोन धडे आयते हाती येतात. पण यंत्र वर्गाबाहेर ठेवले तर ते द्यावयाचे कोणी?

ज्या मुलांना अंक ओळखण्याचीच जन्मजात अडचण असते, त्यांचा प्रश्न वेगळा आहे. केंद्रीय मंडळाने विशेष गरजा असलेल्या मुलांना परीक्षेत साधे गणकयंत्र वापरण्याची मुभा दिली आहे. तिला सवलत म्हणून नाक मुरडणारे चष्म्याला तसे म्हणत नाहीत.

यंत्राचा खरा आनंद मात्र शोध घेण्यात आहे. देवळालीच्या शाळेत शिकविणारे द. रा. कापरेकर यांनी १९४९ साली जो शोध लावला, तो कोणत्याही आठवीच्या वर्गात करून पाहण्याजोगा आहे. चार अंकी संख्या घ्यावी. सगळे अंक सारखे नसले म्हणजे झाले. समजा ३५२४. अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यांतून चढत्या क्रमाची संख्या वजा करावी: ५४३२ वजा २३४५, उरले ३०८७. पुन्हा तेच: ८७३० वजा ०३७८, म्हणजे ८३५२. पुन्हा: ८५३२ वजा २३५८, म्हणजे ६१७४. येथून पुढे कितीही वेळा केले तरी ६१७४ च येत राहते, आणि सातांहून अधिक पायऱ्या कधी लागत नाहीत. कापरेकरांजवळ यंत्र नव्हते. पनवेलच्या एका वर्गातील साठ मुलांनी यंत्र घेऊन साठ निरनिराळ्या संख्यांपासून आरंभ केला, तर एका तासिकेत हे सर्वांच्या डोळ्यांसमोर उभे राहील. मग एखादी चौकस मुलगी विचारील, पाच अंकी संख्यांचे काय? तेथे असे एकच ठरलेले उत्तर मिळत नाही. संख्या चक्रात फिरू लागतात. ती चक्रे किती आणि कोणती, हे मात्र तिला शिक्षकांनी सांगू नये.