जमिनीतील सूत्रकृमी : त्यांची कुळे व नाती

वांग्याचे किंवा टोमॅटोचे खुरटलेले, भर दुपारी माना टाकणारे झाड उपटून पाहिल्यास पुष्कळदा त्याच्या मुळांवर गाठी आढळतात. हे काम सूत्रकृमींचे होय. तथापि मातीतील प्रत्येक सूत्रकृमी पिकाचा वैरी असतो, असा समज करून घेणे योग्य नाही. पुष्कळसे सूत्रकृमी जिवाणू व बुरशी खाऊन जगतात आणि त्यांतील नत्र मोकळा करून पिकास साह्यच करतात.

सूत्रकृमी दिसण्यात गांडुळासारखा असला तरी त्याचे जवळचे नाते किडींशी आहे. वाढताना तो ४ वेळा कात टाकतो. आनुवंशिक द्रव्याच्या तुलनेवरून १९९७ साली शास्त्रज्ञांनी कात टाकणाऱ्या सर्व प्राण्यांचा एकच मोठा गट मानला.

सूत्रकृमींचे वर्गीकरण पूर्वी शरीररचनेवरून होत असे. १९३३ साली चिटवुड यांनी शेपटाजवळील सूक्ष्म ज्ञानेंद्रियांवरून त्यांचे दोन वर्ग पाडले. पुढे १९९८ साली ब्लॅक्स्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच शाखा दाखविल्या. वनस्पतींवर जगण्याची सवय एकाच पूर्वजाकडून आलेली नसून ती तीन शाखांत स्वतंत्रपणे उपजली, असे त्यावरून दिसून आले.

या तिन्ही कुळांना मुळात खुपसण्यासाठी सुईसारखा अवयव असतो. मात्र गाठी करणाऱ्या कुळाची सुई तोंडाच्या अस्तरापासून बनली आहे, तर इतर दोन कुळांची दातापासून. उपद्रवही निराळा आहे. या दोन कुळांतील काही जाती विषाणू वाहून नेतात. द्राक्षवेलीवरील फॅनलीफ विषाणूचा प्रसार अशा सूत्रकृमीमुळे होतो, हे कॅलिफोर्नियात १९५८ साली सिद्ध झाले.

म्हणून उपाय योजण्यापूर्वी मुळे नीट पाहावीत. भुईमूग, हरभरा यांच्या मुळांवरील नत्रग्रंथी हलक्या हाताने निखळतात व कापल्यास आत तांबूस दिसतात. त्या पिकाच्या हिताच्याच होत. सूत्रकृमीची गाठ हा मुळाचाच फुगलेला भाग असल्याने ती निखळत नाही. शंका असल्यास मुळांलगतची ओलसर माती व थोडी मुळे कृषी विद्यापीठाकडे तपासणीसाठी पाठवावीत. गाठींचा उपद्रव ठरल्यास उन्हाळी नांगरट करावी व फेरपालटात झेंडू घ्यावा. परीक्षेवाचून शेतात विष ओतल्यास वैऱ्याबरोबर मित्रही मरतात, हे शेतकरी बंधूंनी ध्यानात ठेवावे.