दिग्व्रत आणि गाडीची चावी

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत करणाऱ्या एका घरातील अण्णांचे वय ७८. गेल्या चातुर्मासात त्यांच्या गाडीवर दोन ओरखडे उमटले, दोन्ही डाव्या बाजूस. घरात कोणी काही विचारले नाही. मुलाने गाडी परस्पर गॅरेजला धाडली. सुनेने नातवाला शाळेतून आणण्यासाठी रिक्षा लावली.

अशी शांतता अनेक घरांत आढळते. व्यापारी कुटुंबात तिजोरीची आणि गाडीची चावी ज्याच्या हाती, त्याच्या शब्दाला वजन. चावी मागणे म्हणजे वडिलांना गादीवरून उठवणे, असे मुलाला वाटते आणि तो गप्प राहतो.

कायदा हा निर्णय घरच्यांसाठी घेत नाही. खासगी वाहन चालवण्यास आपल्याकडे वयाची कमाल मर्यादा नाही. पंचावन्नाव्या वर्षानंतर परवान्याचे दर ५ वर्षांनी नूतनीकरण होते व डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. चांगल्या उजेडात २५ मीटरवरची नंबर पाटी वाचता येते का, हे त्यात पाहिले जाते. काचबिंदू झालेली व्यक्तीही ती पाटी बिनचूक वाचू शकते; हा विकार बहुधा कडेची नजर आधी हिरावतो आणि उणीव रुग्णाच्या ध्यानीही येत नाही. मोतीबिंदूत समोरच्या दिव्यांचा झोत डोळ्यांवर पसरतो. ऊसगाळपाच्या दिवसांत, मागे दिवा नसलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्त्यावर असताना याचा अर्थ काय, हे या भागातील वाचकांस सांगावयास नको. मधुमेहाची औषधे घेऊन दशलक्षण पर्वात उपवास करणाऱ्याची साखर गाडी चालवतानाच एकाएकी उतरू शकते, याचा विचार तर क्वचितच होतो.

श्रावकाच्या बारा व्रतांत दिग्व्रत आहे: दाही दिशांना आपण कोठवर जाऊ, याची मर्यादा स्वतः ठरवणे. देशव्रतात ती काही काळापुरती आणखी आखडती घेतली जाते. व्रताचा हेतू अर्थातच वेगळा. गाडीला तो ओढूनताणून लावण्याचे कारण नाही. पण मर्यादा दुसऱ्याने घालायची नसते, ही रीत या घरांच्या अंगवळणी पडलेली आहे.

पर्वानंतर अण्णांना काचबिंदूचे निदान झाले. मुलाने एवढेच विचारले, "अण्णा, कुठवर चालवायची, ते तुम्हीच सांगा." अण्णा दोन दिवस बोलले नाहीत. मग म्हणाले, "दिवस मावळल्यावर नाही. हायवेला नाही." रात्रिभोजनत्यागामुळे उजेडी घरी परतण्याची सवय होतीच. पुढे हळदीचा हंगाम ऐन भरात असताना डोळ्यांची पुन्हा तपासणी झाली आणि डॉक्टरांनी गाडी पूर्ण थांबवण्यास सांगितले. अण्णांनी चावी देवघराजवळच्या खुंटीवर अडकवली. अट एकच: सकाळचे मंदिर चुकता कामा नये.

ती अट पहिल्याच आठवड्यात दोनदा मोडली. अण्णा धोतर नेसून, अष्टद्रव्याचा डबा मांडीवर घेऊन सोप्यात बसून राहिले आणि मुलगा यार्डात सौद्याला निघून गेला. गाडी थांबवण्यास सांगणाऱ्यांनी जाण्या-येण्याची सोय आधी लावायची असते, हे त्या घराला उशिरा सुचले. मग गल्लीतला रिक्षावाला महिन्याने ठरला. गाडीच्या विम्याचा नि पेट्रोलचा खर्च मांडून हा सौदा स्वस्तात पडल्याचे अण्णांनीच दाखवून दिले.

गेल्या महिन्यात सारे कुंभोजच्या बाहुबलीला गेले. गाडी नातवाने चालवली. अण्णा डाव्या आसनावर होते. प्रत्येक वळणावर त्यांचा उजवा पाय, तिथे नसलेला ब्रेक दाबीत होता.