चालत्या स्थानकाची दुरुस्ती

मेट्रोच्या कामासाठी रस्त्यावर पत्र्यांचे कुंपण उभे राहिले, की ‘हे संपणार तरी कधी?’ हा प्रश्न आपण सगळेच विचारतो. काम रेंगाळण्यामागे कधी माणसांचा दोष असतो, तर कधी तो उशीर निसर्गनियमांनी आणि साध्या अंकगणितानेच ठरवलेला असतो. हे दोन प्रकार वेगळे ओळखता आले पाहिजेत. त्यासाठी लंडनमधील ‘बँक’ या अतिशय गजबजलेल्या भुयारी स्थानकाचे उदाहरण पाहू.

बँक ऑफ इंग्लंडच्या शेजारी असलेल्या या स्थानकात पहिली गाडी १८९८ मध्ये आली. १९०० मध्ये आणखी दोन मार्ग आले, १९३३ मध्ये जवळचे मॉन्युमेंट स्थानक सरकत्या जिन्यांनी जोडले गेले आणि १९९१ मध्ये डॉकलंड्सकडे जाणारा मार्ग आला. जुन्या वाड्याला दर पिढीने एकेक खोली जोडावी, तसे हे स्थानक वाढले. पूर्वी बोगदे शक्यतो इमारतींखालून न नेता रस्त्यांखालून नेत. त्यामुळे येथील सेंट्रल लाइनचे फलाट चक्क वक्र आहेत आणि डबा व फलाट यांत मोठी फट राहते.

गर्दीचे गणित

स्थानक मोठे का करावे लागते? समजा, दर दोन मिनिटांनी एक गाडी येते आणि तिच्यातून ४०० माणसे उतरतात. बाहेर पडण्याचा मार्ग तीन मीटर रुंद आहे. अशा मार्गाच्या दर मीटर रुंदीतून मिनिटाला सुमारे ५० माणसे सुखाने चालू शकतात असे धरू. म्हणजे मिनिटाला १५० आणि दोन मिनिटांत ३०० माणसे बाहेर पडतील. १०० माणसे फलाटावर उरली, तोच पुढची गाडी आली! पाच गाड्यांनंतर फलाटावर ५०० माणसे साचतील. त्यातच गाडी पकडण्यासाठी आलेले प्रवासी वेगळेच.

गर्दी दाटली की चालण्याचा वेगही घटतो, म्हणजे निचरा आणखी मंदावतो. चेंगराचेंगरीचा धोका इथेच सुरू होतो. म्हणून बँक स्थानकात गर्दीच्या वेळी प्रवेशद्वारे काही काळ बंद ठेवावी लागत. गाड्या कितीही वाढवल्या, तरी माणसांना बाहेर पडायला वाट नसेल तर त्यांचा उपयोग नाही.

रात्रीचे तीन तास

ही वाट रुंद करायची कधी? दिवसा गाड्या धावतात. मध्यरात्रीनंतर शेवटची गाडी गेली, की विद्युत् प्रवाह बंद करायचा, खात्री करून घ्यायची, सामान आत न्यायचे आणि पहाटेपूर्वी सारे आवरून मार्ग मोकळा करायचा. प्रत्यक्ष कामाला फार तर तीनेक तास मिळतात. शिवाय ओले काँक्रीट अर्धवट टाकून जाता येत नाही.

जमीन हलते

दुसरी अडचण मातीची. बोगदा खणताना भोवतालची माती थोडी आत सरकते आणि वरची जमीन उथळ बशीसारखी खचते. पाच मीटर व्यासाच्या बोगद्याचा छेद सुमारे २० चौरस मीटर असतो. त्याच्या एक टक्का माती जादा निघाली, तर दर मीटर लांबीमागे ०.२ घनमीटर पोकळी होते. बोगदा वीस मीटर खोल असेल, तर वरची जमीन मध्यभागी सुमारे आठ मिलिमीटर खचेल. आठ मिलिमीटर फार नाहीत. पण इमारतीचे एक टोक खचले आणि दुसरे नाही, तर भिंतीला तडा जातो. आणि बँक स्थानकाच्या वर तर जुन्या चर्च आणि लंडनच्या लॉर्ड मेयरचे अठराव्या शतकातील निवासस्थान आहे!

म्हणून येथे थोडी माती काढायची, लगेच उघड्या भागावर काँक्रीटचा फवारा मारायचा, तो घट्ट झाला की पुढे सरकायचे, अशी पद्धत वापरली. वर इमारतींची मोजमापे सतत घ्यावी लागतात. घाई केली तर त्याची किंमत वरचे लोक मोजतात.

तोडगा कोणता?

बँक स्थानकाच्या विस्ताराला डिसेंबर २०१५ मध्ये परवानगी मिळाली आणि २०१६ मध्ये काम सुरू झाले. अभियंत्यांनी जुन्या स्थानकात तोडफोड करण्याऐवजी शेजारी नॉर्दर्न लाइनच्या दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्यांसाठी नवा बोगदा व नवा फलाट खणला. खाली हे चालू असताना जुन्या बोगद्यातून गाड्या धावतच होत्या. अखेर जानेवारी ते मे २०२२ असे १७ आठवडे नॉर्दर्न लाइनचा तेवढा भाग बंद ठेवून नवे रूळ जुन्यांना जोडले आणि जुना फलाट प्रवाशांना वावरण्यासाठी मोकळा केला.

या १७ आठवड्यांचे एकूण तास होतात २८५६. हेच तास रोज रात्री तीन या हिशेबाने मिळवायचे, तर ९५२ रात्री लागतील, म्हणजे अडीच वर्षांहून अधिक! थोडे दिवस पुरता त्रास की वर्षानुवर्षे थोडा थोडा त्रास, असा हा निवडीचा प्रश्न होता.

फेब्रुवारी २०२३ मध्ये कॅनन स्ट्रीटचे नवे प्रवेशद्वार उघडले. बारा नवे सरकते जिने आले आणि नव्या लिफ्टमुळे चाकांच्या खुर्चीवरील प्रवाशांनाही नॉर्दर्न लाइनपर्यंत जाता येऊ लागले.

आता दुसऱ्या प्रकारचा उशीर पाहा. न्यूयॉर्कच्या सेकंड अव्हेन्यू भुयारी रेल्वेचे खोदकाम १९७२ मध्ये सुरू झाले. १९७५ मध्ये शहराची तिजोरी रिकामी झाल्याने ते थांबले, ते थेट २००७ मध्ये पुन्हा सुरू झाले. पहिला टप्पा खुला झाला १ जानेवारी २०१७ रोजी. मधली बत्तीस वर्षे मातीने खाल्ली नाहीत. ती पैशाने आणि निर्णयांनी खाल्ली.

काँक्रीट घट्ट होण्याची वाट पाहावीच लागते. निर्णयाची वाट पाहावी लागते, तेव्हा मात्र नागरिकांनी कारण विचारलेच पाहिजे.

वर्गात हे करून पाहा : दाराची एक फळी बंद ठेवून आणि मग दोन्ही फळ्या उघडून, न धावता वर्ग रिकामा होण्यास किती सेकंद लागतात ते मोजा. दाराची रुंदी मोजून दर मीटरमागे मिनिटाला किती विद्यार्थी बाहेर पडले ते काढा. आपल्या शाळेचा जिना मधली सुट्टी झाल्यावर पुरेसा आहे का, याचे उत्तर विद्यार्थीच देतील.