जुनी पेढी आणि नवी सही

धंदा कसा उभारावा, हे वऱ्हाडातील व्यापारी घराण्यांना कोणी शिकवावे अशी स्थिती नाही. प्रश्न त्यापुढचा आहे. पेढीला चाळीस-पन्नास वर्षे झाली, बाजारात नाव झाले, गिऱ्हाईक ठरले, जागा स्वतःची झाली, वर्षाकाठी ठरावीक नफा हाती येऊ लागला, की त्यानंतर पेढीच्या प्रमुखाने नेमके काय करावयाचे? या विषयावर आपल्या घरांतून फारसे बोलले जात नाही. नातवाच्या लग्नातील पंगतीविषयी जितक्या बैठका होतात, तितक्या पेढीच्या पुढील दहा वर्षांविषयी झालेल्या मी तरी पाहिल्या नाहीत.

वास्तविक या प्रश्नाचा सर्वांत मोठा अनुभव आपल्याच भागाच्या गाठीशी आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१ ते १८६५) इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली. अकोला, अमरावती, खामगाव, कारंजा येथे जिन आणि प्रेस उभे राहिले. १८८६ मध्ये कारंजा येथे हैदराबादच्या रेसिडेंटच्या हुकमाने देशातील पहिली नियंत्रित बाजारपेठ सुरू झाली आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा झाला. आज आपण ज्याला बाजार समिती म्हणतो, तिचे मूळ येथे आहे. अडत, दलाली, जिनिंग, सावकारी आणि सरकीचा व्यापार यांवर पुढील तीन-चार पिढ्या सुखाने जगल्या. याहून परिपक्व धंदा कोणता असू शकतो?

आणि तो एका हंगामात हातचा गेला. १९७१ च्या कायद्यान्वये १९७२-७३ च्या हंगामापासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना लागू झाली. शेतकऱ्याचा कापूस केवळ शासनाने खरेदी करावयाचा, खाजगी व्यापाऱ्याने नाही. जिन-प्रेस मालकांना ठरलेल्या दराने प्रक्रिया करून देण्याचे काम उरले, खरेदी-विक्रीचा अधिकार उरला नाही. योजना शेतकऱ्यासाठी बरी की वाईट, हा वेगळा वाद आहे आणि त्यात मी शिरत नाही. व्यापाऱ्यांच्या बाजूने पाहता, एका कायद्याने शंभर वर्षांचा धंदा थांबला, एवढे खरे.

त्या वेळी कोण टिकले? बँकेच्या नोकरीत अकोला आणि अमरावती या दोन्ही ठिकाणी जुन्या खात्यांचे कागद हाताखालून गेले, त्यांवरून एक गोष्ट मला स्पष्ट दिसली. ज्यांनी आपला धंदा म्हणजे आपले जिन, आपले पटांगण आणि आपली यंत्रे असे मानले, ते यंत्रांशेजारी बसून राहिले. ज्यांनी आपला धंदा म्हणजे माल पारखणारा हात, खेड्यापाड्यांतील ओळख आणि वेळेवर पैसे देण्याचा लौकिक असे मानले, त्यांना दुसरी वाट सापडली. कोणी अकोल्यात डाळमिल टाकली. तुरीचा शेतकरी तोच होता, ज्याच्याकडून पूर्वी कापूस घेत. कोणी तेलाकडे वळले, कोणी कापड दुकानाकडे, तर काहींनी सीमेपलीकडे आदिलाबाद वा पांढुर्ण्याला बिऱ्हाड हलविले. यंत्र विकता येते. पारख आणि पत यांना मोडीत भाव नसतो, म्हणून बहुधा आपण त्यांची किंमत धरीत नाही.

गिरण्यांची कथा याहून करुण आहे. १९७४ च्या आजारी कापडगिरण्यांच्या राष्ट्रीयीकरण कायद्याने देशातील १०३ गिरण्या सरकारने ताब्यात घेतल्या. त्या यादीत अकोल्याची सावतराम रामप्रसाद मिल होती, अचलपूरची विदर्भ मिल होती. देशभरच्या या गिरण्यांचा आजार बहुतांशी एकच होता: यंत्रे जुनी झाली आणि नूतनीकरण लांबत गेले. नफ्याच्या वर्षांत यंत्रांची झीज भरून काढणे, हे काम कोणालाच निकडीचे वाटत नाही. परिपक्व धंद्याचा हाच खरा धोका. तोट्यातला मालक रात्री जागा असतो. मध्यम नफ्यातला मालक निवांत झोपतो.

आता आपल्या दुकानांकडे येऊ. बँकेत कर्जखाते तपासताना प्रथम नफा पाहत नाहीत, पैसा किती वेळा फिरतो ते पाहतात. नायक समितीच्या सूत्रानुसार लहान उद्योग-व्यापाराच्या अंदाजित वार्षिक विक्रीच्या २५ टक्के रक्कम खेळते भांडवल म्हणून धरली जाते. त्यांपैकी २० टक्के बँक देते आणि ५ टक्के मालकाने घालावयाचे असतात. याचा अर्थ असा की पैसा वर्षातून चार वेळा फिरतो, हे गृहीत आहे. चार कोटी विक्रीच्या पेढीला एक कोटी लागतील, त्यांत बँकेचे ऐंशी लाख आणि घरचे वीस लाख. परंतु जुन्या पेढीची उधारीही जुनी असते. ‘त्यांच्याशी तीन पिढ्यांचे संबंध आहेत, तगादा कसा लावायचा?’ असे करीत करीत वसुली सहा महिन्यांवर जाते. पैसा वर्षातून दोनदाच फिरू लागला, की त्याच विक्रीला दोन कोटी लागतात. मधला एक कोटी कोठून येतो? थोडा सुरतच्या व्यापाऱ्याचे देणे लांबवून, थोडा घरच्या वहिनी-आत्यांच्या ठेवी घेऊन. ताळेबंदात नफा दिसतच राहतो. गिरवी म्हणून दिलेल्या प्लॉटची किंमत वाढत असते, त्यामुळे बँकही डोळ्यांवर कातडे ओढून घेते, हेही सांगितले पाहिजे.

नफ्याचेही तसेच. समजा, एखाद्या दुकानाचा वार्षिक नफा बारा लाख आहे. जागा स्वतःची, म्हणून भाडे धरलेले नाही. ती दुसऱ्याला दिली तर महिना चाळीस हजार सहज येतील, म्हणजे वर्षाचे चार लाख ऐंशी हजार. वडील आणि दोन मुले सकाळी दहापासून रात्री नऊपर्यंत बसतात, त्यांचा पगार धरलेला नाही. प्रत्येकी पंचवीस हजार म्हटले तरी वर्षाचे नऊ लाख. बेरीज तेरा लाख ऐंशी हजार. म्हणजे बारा लाखांचा नफा हा वस्तुतः एक लाख ऐंशी हजारांचा तोटा आहे, आणि तो आजोबांनी घेऊन ठेवलेली जागा भरून काढीत आहे. हा हिशेब मांडून दाखविल्यावर काही मालक रागावले. एकाने मात्र दुसऱ्याच महिन्यात दुकानाचा अर्धा भाग भाड्याने दिला आणि धाकट्या मुलाला वेगळा व्यवसाय काढून दिला.

यापुढचा विषय नाजूक आहे. अमरावतीतील एका कापडाच्या पेढीत दोन भाऊ भागीदार होते. करारपत्र सत्तरीच्या दशकातील, पिवळ्या पडलेल्या मुद्रांकावरचे. थोरल्या भावाला सर्व जण बाबूजी म्हणत. चेकवर सही त्यांचीच, उधारी कोणाला द्यावयाची हेही तेच ठरवीत. धाकटे भाऊ आणि दोन्ही घरांचे मुलगे दुकान चालवीत, पण विचारल्याशिवाय पान हलत नसे. दिवाळीला सहा आठवडे असताना बाबूजी गेले. तेराव्याच्या आत बँकेने कॅश क्रेडिट खात्यावरील व्यवहार थांबविले. घरच्यांना हा निर्दयपणा वाटला. परंतु भागीदार मृत झाल्यावर उधार बाजूचे खाते तसेच चालू ठेवले, तर नंतर भरलेल्या रकमा आधीच्या येण्यात वळत्या होतात आणि मृताच्या मालमत्तेवरील बँकेचा हक्क हळूहळू संपतो. १८१६ च्या क्लेटन खटल्यापासूनचा हा नियम प्रत्येक बँक अधिकाऱ्याला पाठ असतो.

त्याहून कठीण गोष्ट कायद्याची होती. १९३२ च्या भागीदारी कायद्याच्या कलम ४२ नुसार, करारात वेगळे ठरले नसेल तर भागीदाराच्या मृत्यूने फर्म विसर्जित होते. आणि भागीदार दोनच असतील तर करारात काहीही लिहिलेले असो, एका माणसाची भागीदारी होऊ शकत नाही. म्हणजे बाजारात पन्नास वर्षे गाजलेली ती पेढी कायद्याच्या दृष्टीने त्या रात्रीच संपली होती. वारसांत पत्नी, दोन मुलगे आणि सासरी असलेल्या दोन मुली. जैनांना हिंदू उत्तराधिकार कायदा लागू आहे आणि त्यात मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे. बहिणींना काही नको होते, असे सर्वांनी गृहीत धरले होते. त्यांना विचारले मात्र कोणी नव्हते. कागदावर सही करण्यासाठी निरोप गेला तेव्हा थोरली म्हणाली, ‘मागितले असते तर आनंदाने दिले असते. आता आधी हिशेब दाखवा.’ तिचे काय चुकले? कलम ३७ प्रमाणे हिशेब पुरा होईपर्यंत वारसांना नफ्यातील हिस्सा किंवा सहा टक्के व्याज मागता येते. नवे करारपत्र होऊन खाते सुरू होण्यास चार महिने लागले. दिवाळीचा आणि लग्नसराईचा हंगाम गेला, सुरतच्या दोघा पुरवठादारांनी रोखीशिवाय माल देणे बंद केले. पेढी वाचली, पण भाऊबीजेला त्या वर्षी बहिणी आल्या नाहीत.

बाबूजी कर्तबगार होते, यात शंका नाही. अडचण वेगळी आहे आणि तिचे उत्तर आपल्या आचारशास्त्रात फार पूर्वी देऊन ठेवलेले आहे. दिगंबर परंपरेत श्रावकाच्या अकरा प्रतिमा सांगितल्या आहेत. आठवी आरंभत्याग: नोकरी, शेती, व्यापार यांची कामे सोडणे. नववी परिग्रहत्याग: मालकी सोडणे. दहावी अनुमतित्याग: संसाराच्या कामात संमती किंवा सल्ला देणेही सोडणे. हा क्रम मोक्षमार्गाचा आहे, दुकानाचा नाही, हे मी जाणतो. तरीही त्याकडे व्यवहाराच्या डोळ्यांनी पाहिले तर आश्चर्य वाटते. प्रथम काम सुटते, मग मालकी, आणि संमती देण्याचा मोह सर्वांत शेवटी, कारण तोच सर्वांत चिवट. आपल्या पेढ्यांत वडील पहिली पायरी चढतात. गुडघे दुखू लागले की गोदामात जाणे बंद होते. त्यानंतर ते तेथेच थांबतात. मालकी आणि ‘मला विचारल्याशिवाय नाही’ हे दोन्ही तसेच राहते. चाळीशी ओलांडलेला मुलगा काम सर्व करतो, निर्णय एकही नाही. अशा मुलाला वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी अचानक निर्णय घ्यावे लागले तर तो एक तर सर्व नाकारतो, नाही तर पहिल्याच वर्षी मोठे धाडस करतो. दोन्ही प्रकार मी पाहिले आहेत.

सोडणे हे नेतृत्वाचेच काम आहे, याचे मोठ्या प्रमाणावरील उदाहरण जळगावचे. भवरलाल जैन यांनी १९६३ मध्ये घरच्या सात हजार रुपयांच्या बचतीवर रॉकेलच्या व्यापारापासून सुरुवात केली; पुढे पपेन, पाइप आणि ठिबक सिंचन असा विस्तार होत जैन इरिगेशन देशोदेशी पोहोचली. २०१६ मध्ये ते निवर्तले. २०१९ मध्ये कंपनी कर्जफेडीच्या अडचणीत आली. २०२२ मध्ये बँकांबरोबरची कर्ज-पुनर्रचना पूर्ण झाली आणि २०२३ मध्ये परदेशातील सिंचन व्यवसाय रिव्युलिस या कंपनीत विलीन करण्यात आला. त्या संयुक्त कंपनीत जळगावकडे सुमारे २२ टक्के हिस्सा राहिला. वडिलांच्या काळात मिळविलेल्या व्यवसायातील बहुसंख्य मालकी सोडून कर्ज हलके करणे, ही गोष्ट पुढच्या पिढीला सोपी नसते. आपल्याकडे तोट्यातली एक शाखा बंद करावयाची म्हटले तरी ‘लोक काय म्हणतील’ हा प्रश्न ताळेबंदाच्या आधी उभा राहतो.

तेव्हा कागदांचे थोडे सांगतो. करारपत्रात किमान तीन भागीदार असावेत आणि एकाच्या मृत्यूने फर्म मोडणार नाही, असे कलम स्पष्ट असावे. भागीदाराच्या हिश्श्याची किंमत कशी ठरवावयाची ते सर्व जण हयात आणि प्रसन्न असतानाच लिहावे. चेकवर सहीचा अधिकार दोघांना, मर्यादेपर्यंत का होईना, आजच द्यावा. मुलींना आणि सुनांना वर्षातून एकदा ताळेबंद वाचून दाखवावा. चोपडीपूजनाला त्या आरती घेऊन उभ्या असतातच, पाच मिनिटे अधिक लागतील. घर हिंदू अविभक्त कुटुंब म्हणून कर भरत असेल तर २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्मतः सहदायाद झाली आहे, हे लक्षात ठेवावे.

आणि फर्म निबंधकांकडील नोंदणीचा उतारा एकदा मागवून पाहावा. ज्यांची नावे नोंदवहीत नाहीत त्या भागीदारांना कलम ६९ मुळे बुडीत उधारीसाठी दावा लावता येत नाही, आणि दाव्याची मुदत साधारणतः तीनच वर्षांची असते. अनेक उताऱ्यांवर आजही पंधरा वर्षांपूर्वी दिवंगत झालेल्या आजोबांचे नाव पहिले असते आणि दुकान चालविणाऱ्या नातवाचे कोठेच नसते.