पाणी उपसणारी डच पवनचक्की आणि आमचीं चिबड शेतें

हॉलंडांतील पाणी उपसणाऱ्या पवनचक्कीचें जुनें रेखाचित्र पाहणाऱ्याची नजर प्रथम तिच्या चार पंखांवरच जाते. आम्ही मात्र वाचकांचें लक्ष खालच्या अंगास वेधूं इच्छितों. पंखांची गति दातेरी चाकांच्या व उभ्या खांबाच्या योगें खालीं उतरते, आणि तेथें फळ्यांचें एक मोठें चाक शेतांतलें पाणी ढकलून वरच्या कालव्यांत टाकतें. सोळाव्या शतकाच्या अखेरीस सायमन स्टेव्हिन या गणितज्ञानें या चाकाच्या फळ्या कमी करून मोठ्या केल्या व त्यांच्या कडांस चामडें लाविलें, म्हणजे फटींतून पाणी मागें येऊं नये. एका चक्कीनें पाणी चारपांच फुटांवर फारसें चढत नसे. सबब खोल जागीं चक्क्यांची रांगच मांडीत. बेमस्टर नांवाचें सरोवर १६१२ सालीं ४० हून अधिक चक्क्यांनीं कोरडें केलें. तेथें आजही शेती होते.

मग केळापुरास हें यंत्र हवें काय? आमच्या मतें नको. तिकडील शेतें समुद्राच्या पातळीखालीं. पाण्यास स्वतःची वाट नाहीं. गोव्याच्या खाजणांत ती वाट ओहोटी फुकट देते. मानशीचें लांकडी दार ओहोटीस उघडतें, भरतीस मिटतें. आमची काळी भारी जमीन पाणी धरून ठेवते खरी, पण ओढेनाले व पैनगंगा खालींच आहेत. येथें अडतें तें शेजाऱ्याच्या धुऱ्यावर.

वरचा धुरा फोडतो, खालचा तो उंच करतो. पाणी साचलें कीं पऱ्हाटीच्या मुळांस हवा मिळत नाहीं, पानें पिवळीं पडतात, पात्या गळतात. महसूल खात्यांत असतां असे पुष्कळ अर्ज आम्हीं वाचले. पाणी कोणाकडून आलें हें प्रत्येकांत असे. तें कोठें न्यावें हें क्वचितच!

डच लोकांची खरी करामत आम्हांस येथें दिसते. तेराव्या शतकापासून तेथें पाण्याच्या बंदोबस्ताचीं मंडळें आहेत, व जमीनधारकांवर पट्टी बसवून बांधाचा व कालव्याचा खर्च तीं भागवितात.

आमच्याकडे चौघां शेजाऱ्यांनीं इतकें करावें : मोठ्या पावसांत धुऱ्यांवरून फिरून पाणी आपण होऊन जेथून वाट काढतें तेथें दगड रोवावे, उन्हाळ्यांत त्याच रेषेवर चर खणावा, खर्च एकरवारीनें वांटावा व करार कागदावर उतरवावा. नाल्याशीं चराचें तोंड दगडांनीं बांधून घ्यावें, नाहीं तर पहिल्याच पुरांत तेथें घळ पडते.