दसऱ्याला भिजत घाला, दिवाळीत ओवा

दसऱ्याच्या संध्याकाळी घरोघरी आपट्याच्या पानांचा ढीग जमतो आणि चार दिवसांत त्याचा पाचोळा होतो. दिवाळीला बांधलेलं झेंडूचं तोरण भाऊबीजेपर्यंत काळवंडतं. याच दिवसांत मुलांना हाताशी घेऊन पानं, शेंगा, बिया आणि भाताच्या लोंब्या यांचं असं एक तोरण करता येतं, जे पुढच्या दसऱ्यालाही बांधता येईल. ते फसतं जवळजवळ नेहमी एकाच कारणाने. वस्तू पुरती वाळायच्या आत ओवली जाते. ओवणं मुलं तासाभरात शिकतात; वाळेपर्यंत थांबणं मोठ्यांनाही जमत नाही.

म्हणून आधी वेळेचा हिशेब. दसरा ते लक्ष्मीपूजन यांच्यामध्ये वीसेक दिवस असतात. पाऊस मागे हटलेला असतो, ऑक्टोबरचं ऊन तापलेलं असतं. हे दिवस वाळवणाचे. शाळेला दिवाळीची सुट्टी लागली की भोकं पाडणं, ओवणं, बांधणं. कोकणात आणि मुंबईत हवा दमट असते, तिथे वाळवणाला दीडपट-दुप्पट वेळ धरावा.

सगळ्यांत आधी हात घालायचा तो पिंपळाच्या पानाला, कारण त्यालाच सर्वांत जास्त दिवस लागतात. लहानपणी आपल्यापैकी अनेकांनी पुस्तकात पिंपळाचं पान ठेवून जाळी पडायची वाट पाहिली असेल. पुस्तकात पान नुसतं वाळतं. जाळी पडायला ते कुजावं लागतं. पानाचा हिरवा गर मऊ असतो, तो पाण्यातले सूक्ष्म जीव खाऊन टाकतात. शिरा मात्र लिग्निन नावाच्या द्रव्यामुळे कडक असतात. लाकडाला कडकपणा देणारं द्रव्य ते हेच. ते सहज कुजत नाही, म्हणून गर गेला तरी जाळी शाबूत राहते.

पानं निवडताना जून, गडद हिरवी, जाडसर घ्यावीत. कोवळ्या तांबूस पानांची जाळी हाती येत नाही, गरासोबत शिराही तुटतात. कीड लागलेलं किंवा फाटलेलं पानही नको. झाकणाच्या बादलीत पानं सुटी ठेवून पाणी ओतावं आणि वर तरंगू नयेत म्हणून एक ताटली उपडी ठेवावी. झाकण घट्ट हवं. हे डेंगीचे दिवस असतात आणि उघड्या बादलीत डासांच्या अळ्या व्हायला आठवडा पुरतो. पाणी चार-पाच दिवसांनी बदलावं, पण जुनं भांडंभर पाणी त्यातच राहू द्यावं, म्हणजे कुजवणारे जीव टिकून राहतात. वास येतो, चांगलाच येतो. बादली गॅलरीत किंवा परसात ठेवा आणि घरातल्यांना आधीच सांगून ठेवा.

तीन आठवड्यांच्या सुमारास एक पान काढून बोटाने चोळून पाहावं. गर चिखलासारखा सुटला तर पान तयार; चिकटून असेल तर आणखी आठवडा. मग पान पसरट ताटात, थोड्या पाण्यात ठेवून जुन्या, मऊ टूथब्रशने हलके ठोकावं. घासायचं नाही, ठोकायचं. मुलं हमखास घासतात आणि देठाजवळची जाळी फाटते. पान दोन्ही बाजूंनी ठोकून झालं की स्वच्छ पाण्यातून काढून वर्तमानपत्रात ठेवावं. पहिल्या प्रयत्नात निम्मी पानं वाया जातील असं धरूनच जास्त पानं भिजत घालावीत.

घाई असेल तर धुण्याच्या सोड्यात पानं उकळण्याचाही मार्ग आहे. तो मोठ्यांनीच, हातमोजे घालून, स्टीलच्या पातेल्यात करावा. सोडा अॅल्युमिनियम खातो आणि कातडीलाही लागतो. या रीतीने जाळी लवकर मिळते, पण ती ठिसूळ असते असा माझा अनुभव आहे. वेळ असेल तर बादलीच बरी.

आता गोळा करण्याकडे वळू. दसऱ्याला घरी आलेली आपट्याची पानं आहेतच. वेगळी तोडायची गरज नाही. गुलमोहराच्या लांब, काळ्या शेंगा झाडाखाली वर्षभर सापडतात. शेताच्या बांधावर कुरडू असतं, त्याचे पांढरट-गुलाबी तुरे वाळले तरी आकार सोडत नाहीत. भाताच्या लोंब्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून मागून घ्याव्यात. कोकणात दसऱ्याच्या सुमारास नवीन भाताच्या लोंब्या दाराला बांधायची रीत आहेच, त्याला नवं म्हणतात. रिठे आणि सागरगोटे काष्ठौषधींच्या दुकानात मिळतात. परसात दोडक्याचा वेल असेल तर एखादा दोडका वेलावरच जून होऊ द्यावा, आतली जाळी चकत्या करून ओवता येते. अभयारण्यातून किंवा राष्ट्रीय उद्यानातून मात्र पडलेली शेंगही उचलून आणू नये, कायद्याने त्याला मनाई आहे.

काही गोष्टींना मुलांचा हात लागू द्यायचा नाही, आणि नेमक्या त्याच दिसायला सुंदर असतात. लालभडक, काळ्या टिपक्याची गुंज पूर्वी सोनार वजनाला वापरत; आठ गुंजांचा एक मासा, बारा मासे म्हणजे तोळा. तिच्या आत जहाल विष असतं. अखंड गुंजेचं कवच टणक असतं, त्यामुळे धोका दडून राहतो. माळेसाठी भोक पाडलं की ते कवच फुटतं. एरंडाच्या बिया आणि पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्याही विषारी. हिवाळ्याच्या तोंडावर कुंपणावर दिसणारी, सोनेरी मखमली लवेची खाजकुइलीची शेंग तर हात लावताच तासभर रडवते. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजते. ओळख पटत नसलेली बी घरात आणायचीच नाही, हा नियम मुलांना निघण्याआधी सांगावा. झाडाखाली उभं राहून सांगितलेला नियम कुणी ऐकत नाही.

वाळवण प्रत्येक वस्तूचं वेगळं. पानं वर्तमानपत्राच्या घडीत, एकावर एक न येतील अशी पसरून, वर पाट आणि जड पुस्तकं ठेवून दाबावीत. गुळगुळीत कागदाची मासिकं चालत नाहीत, तो कागद ओल शोषत नाही. पहिले तीन-चार दिवस कागद रोज बदलावा. बुरशी येते ती इथेच, ओला कागद तसाच राहिल्याने. उन्हात पानं वाळवली तर ती गोळा होतात आणि रंगही उडतो.

आपट्याचं पान पूर्ण वाळलं की सुई टोचताच तडकतं. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, पान अर्धवट लवचीक असतानाच, देठाजवळ दाभणाने भोक पाडून पुन्हा दाबात ठेवावं. ही एवढी गोष्ट पाळली तर निम्मी मोडतोड वाचते.

कुरडू आणि लोंब्या छोट्या जुड्या करून, देठ वर आणि तुरे खाली असे, सावलीत वारा खेळेल तिथे टांगाव्यात. ताठ वाळतात. देठ वाळताना बारीक होतात आणि दोरा सैल पडतो, म्हणून आता बांधलेली गाठ कामचलाऊ समजावी. तोरणासाठी वाळल्यावर नव्याने आवळावी. कुरडूच्या तुऱ्यातून काळ्या, चकचकीत बारीक बिया गळतात. जुडी कागदावर झटकून घेतली नाही तर त्या पुढे महिनाभर उंबऱ्यावर सापडतात.

शेंगा, रिठे, सागरगोटे यांना कडक ऊन द्यावं, पाच-सहा दिवस, संध्याकाळी आत घेऊन. वाळलं की नाही हे ठरवायला स्वयंपाकघरातला वजनकाटा उत्तम. मूठभर वस्तूंचं वजन रोज लिहून ठेवायचं काम मुलांना द्यावं. सलग दोन दिवस वजन घटलं नाही की वस्तू वाळली. हाताला कोरडी लागणारी शेंग आतून ओली असू शकते, काट्याला ते कळतं.

मग किडीचा बंदोबस्त. शेंगेवर टाचणीच्या डोक्याएवढं गोल भोक दिसलं तर आत भुंगेरा होता किंवा अजून आहे. लोंब्यांत सोंडे असतात. पुरत्या वाळलेल्या वस्तू प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवाव्यात, म्हणजे किडे आणि बहुतेक अंडीही मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये. आतल्या वस्तू घरातल्या हवेइतक्या उबदार होईपर्यंत थांबावं, नाहीतर थंड बियांवर दव धरतं आणि वाळवणाची सगळी मेहनत पाण्यात.

सुट्टीत आता ओवायला बसायचं. रिठ्याला भोक पाडायला सुताराचं बारीक गिरमिट पुरतं. सागरगोटा फारच टणक, त्याला ड्रिलच लागतं. दोन्ही कामं मोठ्यांची. बी तळहातावर धरून कधीही टोचू नये, ती घसरते आणि टोक हातात जातं. शाडूच्या गोळ्यात निम्मी रुतवून ठेवली तर हलत नाही. भोकच पाडायचं नसेल तर सागरगोट्याभोवती सुतळीची जाळी विणून टांगता येतो. मला तर ते जास्त देखणं वाटतं.

मूळ दोरीला काथ्या किंवा जाड सुतळी घ्यावी; साधा शिवणाचा दोरा वजनाने झिजतो. आधी दोरीवर खडूने मध्य खूण करून तिथे लोंब्यांची जुडी बांधावी, मग दोन्हीकडे सारख्या अंतरावर शेंगा आणि बियांच्या लडी सोडाव्यात. प्रत्येक लडीखाली गाठ मारायची, म्हणजे एक तुटली तरी बाकीच्या घरंगळत नाहीत. पिंपळाच्या जाळ्या सर्वांत शेवटी, देठाला दोऱ्याचे दोन वेढे देऊन. लहान मुलांना रंगाप्रमाणे वर्गवारी आणि लडी ओवणं द्यावं, आठ-दहा वर्षांच्या मुलांना गाठी.

चिकटवण्यापेक्षा बांधणं केव्हाही चांगलं. डिंक पावसाळ्यात ओल धरतो, पिठाच्या खळीला झुरळं लागतात. जुने पुस्तकबांधणीवाले खळीत मोरचूद घालत ते याचसाठी, पण ते विष आहे आणि मुलांच्या कामात त्याला जागा नाही. कुठे चिकटवावंच लागलं तर फेविकॉलचा थेंब पुरे.

व्हार्निशबद्दल नेहमी विचारलं जातं. वाळलेल्या वस्तूला त्याची गरज नसते, आणि ओलसर वस्तूला लावलं तर ओल आतच कोंडून बुरशी धरते. फार तर शेंगांना स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्या लाखेचा एक पातळ हात मोठ्यांनी, उघड्या हवेत, दिव्यापासून दूर द्यावा. पिंपळजाळीला काहीच लावू नये.

हे तोरण म्हणजे शेवटी वाळलेलं गवत आणि काटक्या. दिवाळीत पणत्या ज्या उंबऱ्यावर ठेवतो, त्याच दारावर ते टांगू नये, आणि फुलबाज्यांपासूनही लांब ठेवावं. दिवाणखान्यातलं आतलं दार किंवा खिडकीची चौकट बरी. थेट ऊन येत असेल तर वर्षभरात रंग फिके पडतात.

बाहेर टांगलं तर लोंब्यांवर चिमण्यांचा हक्क मानावा, त्या दाणे शिल्लक ठेवत नाहीत. मृग लागायच्या आत तोरण उतरवून धूळ मऊ ब्रशने झटकावी, एक दिवस ऊन दाखवावं आणि वर्तमानपत्रात सैल गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवावं. घडी घालू नये, पिंपळाच्या जाळ्या मोडतात. डब्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला घालायची पद्धत आहे. तो घालाच, पण झाकण घट्ट बसतंय का ते आधी पाहा. दसऱ्याच्या आधी डबा उघडून पुन्हा ऊन द्यावं. लोंब्या दरवर्षी नव्या बांधाव्यात; शेंगा, सागरगोटे आणि सुतळी तशाच राहू द्याव्यात.